मुलं चित्रंच बघतात, फुगे वाचत नाहीत

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवते. वर्गात ३४ मुलं आहेत. बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. पुस्तकातला धडा मुलं अक्षर लावून वाचतात, पण काय वाचलं असं विचारलं की गप्प. लिहायला दिलं तर दोन ओळींच्या पुढे जात नाहीत. म्हणून वर्तमानपत्रातल्या चित्रकथा कापून त्यांच्या झेरॉक्स वाटल्या. मुलं खूश झाली, चित्रं बघून हसली आणि कागद बाजूला ठेवला. पात्रांच्या तोंडच्या फुग्यांतले शब्द कुणी वाचलेच नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात हा टाइमपास आहे. एका पालकांनीही तेच ऐकवलं. वर्गात एक मुलगा चित्रं सुंदर काढतो, पण लिहीत एक शब्द नाही. चित्रकथा सोडून द्यावी, की वापरायची रीत चुकतेय?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर :

ताई, सोडू नका. मुलं फुगे वाचत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा मुलांत नसतं, निवडलेल्या चित्रकथेत असतं. नुसतं चित्र बघून सगळी गंमत कळत असेल तर वाचायच्या खटाटोपात कोण पडेल? मोठी माणसंही पडत नाहीत. शब्दाशिवाय अडेल अशी चित्रकथा हातात दिली, की तीच मुलं फुग्यावर बोट ठेवून अक्षरं लावायला लागतात.

म्हणून तुम्ही कापून ठेवलेली प्रत्येक चित्रकथा वर्गात न्यायच्या आधी दोनदा झाकून बघा. पहिल्यांदा कागदाच्या पट्ट्यांनी फक्त फुगे झाका. तरीही गोष्ट पूर्ण कळली तर ती चित्रकथा वाचनाला निरुपयोगी आहे. ती फेकू नका, लेखनाला ठेवा. रिकामे फुगे भरायला ती फार चांगली. दुसऱ्यांदा चित्रं झाकून नुसते फुगे वाचा. तेवढ्यावर गोष्ट कळली तर तो चौकटीत कोंबलेला धडा आहे. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रकथांच्या पुस्तकांत हे फार होतं : चौकटीचा निम्मा भाग मजकुराने भरलेला, आणि खाली जे लिहिलंय तेच वर काढलेलं. दोन्ही वेळा जी अर्धवट राहते, ती वाचनाला घ्या.

वर्तमानपत्रातल्या चित्रकथांत आणखी दोन अडचणी असतात. त्यातल्या पुष्कळ मोठ्यांसाठी असतात. राजकारणाचा किंवा नवरा-बायकोचा टोमणा नऊ वर्षांच्या मुलाला लागत नाही, त्याला फक्त पात्राचं तोंड विनोदी दिसतं. दुसरी अडचण अक्षराची. छापील फुग्यातलं अक्षर बारीक असतं, वर्तमानपत्राच्या कागदाची झेरॉक्स करडी येते आणि अनुस्वार, रफार, उकार नेमके तिथेच पुसले जातात. ‘मंडई’चं ‘मडई’ झालं की कच्चा वाचक तिथेच अडतो आणि चित्राकडे वळतो. झेरॉक्सवाल्याला शाई फिकी ठेवून १४१ टक्के मोठं करायला सांगा. ए-४ चा मजकूर बरोबर ए-३ वर बसतो. तरीही अक्षर लागत नसेल तर फुग्यातला मजकूर पांढरा करून स्वतःच्या हाताने ठळक लिहा. वर्गात शिकवण्यासाठी शिक्षकाने अशी प्रत काढायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे. ती सूट वर्गापुरती. तीच प्रत शाळेच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकू नका.

मुलांसाठीचं साहित्य हवं असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन मोफत बघता येतात. पण सगळ्यात उपयोगी पडते ती तुम्ही स्वतः रचलेली चार चौकटींची चित्रकथा. चित्रकला येत नसली तरी चालतं. काडीची माणसं काढा. आजीला अंबाडा, आजोबांना टोपी आणि मुलाला चड्डी एवढं दाखवलं की पुरे.

एक नमुना देतो. तो जसाच्या तसा वापरा.

पहिल्या चौकटीत आजी खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटतेय. तिच्या फुग्यात : “सोन्या, मिठाचा डबा दे रे.” दुसऱ्या चौकटीत फळीवर शेजारी शेजारी दोन सारखेच डबे. दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, एकावर ‘मीठ’, दुसऱ्यावर ‘पिठीसाखर’. सोन्याचा हात वर गेलेला, पण मान खिडकीकडे वळलेली. खिडकीतून फुगा येतोय : “सोन्या, चल की बे! खेळ सुरू झाला!” तिसऱ्या चौकटीत सोन्या डबा आजीजवळ ठेवून पळतोय. डब्यावरची चिठ्ठी आपल्याला दिसते : ‘पिठीसाखर’. आजीचं लक्ष खलबत्त्यात, बाजूला ‘ठक्क! ठक्क!’ चौथ्या चौकटीत आजोबा भाकरीचा घास तोंडात धरून थांबलेत. फुगा : “अगं, आज चटणी गोड कशी?”

यात फुगे तीनच आणि सगळे मिळून सतरा शब्द. पण डब्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय गंमत कळत नाही. चित्रातले डबे सारखेच आहेत, फरक फक्त अक्षरांत आहे. न वाचणारा मुलगा चौथ्या चौकटीला इतरांबरोबर हसेल, पण ‘गोड का लागली?’ या प्रश्नावर अडेल आणि परत तिसऱ्या चौकटीकडे जाईल. आपल्याला हवं असतं ते हे परत जाणं. धडा वाचताना तुमची मुलं मागे वळून बघत नाहीत, म्हणून ‘काय वाचलं’ला उत्तर येत नाही. चित्रकथेत मागे जायची जागा डोळ्यांसमोर असते, पान उलटावं लागत नाही.

आता वर्गात हे कसं घ्यायचं. ३४ मुलांना १७ प्रती काढा, दोघांत एक. प्रत्येकाला वेगळी प्रत दिली तर मुलं आपापल्या कागदात शिरतात. दोघांत एक असली की एक जण वाचतो आणि दुसरा चूक काढतो. वाटायच्या आधी फुगे आणि चिठ्ठ्या कोऱ्या कागदाच्या तुकड्यांनी झाका, वरच्या कडेला डिंकाचा एक ठिपका पुरतो. पहिली पाच मिनिटं नुसतं बघायचं. काय चाललंय, कोण काय म्हणत असेल, हे विचारा आणि तीन-चार अंदाज फळ्यावर लिहा. बरोबर-चूक काहीच म्हणू नका. मग झाकणं उघडायला सांगा. आता मूल वाचतं ते आपला अंदाज खरा निघाला का हे बघायला. वाचायला कारण मिळालं की अर्धं काम होतं.

त्यानंतर चौघांचे गट करून भूमिका वाटून मोठ्याने वाचन. एक आजी, एक सोन्या, एक आजोबा; चौथा खिडकीतला मित्र होईल आणि ‘ठक्क ठक्क’ही करेल. सोन्याच्या वाट्याला इथे एकही फुगा नाही. त्याचं काम ज्याला द्याल त्याने सोन्याच्या मनातलं एक वाक्य स्वतः तयार करून म्हणायचं. ३४ मध्ये आठ गट होऊन दोन मुलं उरतात, त्यांना दोन गटांत पाचवा म्हणून घाला. भूमिका दोनदा बदला, म्हणजे प्रत्येकाचं तीन वेळा वाचन होतं आणि कुणाला कंटाळा येत नाही. एकच उतारा तीनदा वाचायला सांगितला तर वर्ग कुरकुरतो.

विरामचिन्हं शिकवायला फुग्याइतकी चांगली जागा नाही. फळ्यावर एकाखाली एक तीन फुगे काढा आणि तिन्हींत एकच शब्द लिहा : “आलास.” “आलास?” “आलास!” मुलांना म्हणून दाखवायला सांगा. पहिला सरळ, दुसरा चढा, तिसरा दचकलेला किंवा आनंदाचा. मग फक्त तोंडं काढलेली तीन चित्रं द्या आणि कोणत्या तोंडाला कोणतं चिन्ह ते जुळवू द्या. ज्यांचं वाचन अजून शब्दापर्यंत पोचलेलं नाही, अशी चार-पाच मुलं तुमच्या वर्गात असतीलच. त्यांना इथे पूर्ण वाटा मिळतो.

त्याच मुलांसाठी ध्वनींचे शब्द वापरा. ठक्क, धप्पकन, खळ्ळकन, भुर्र, चर्र, कडाड्. मराठीत हे भांडार मोठं आहे आणि त्यांत जोडाक्षरं ठासून भरलेली असतात. ‘चर्र’मध्ये पहिला र डोक्यावर जातो, हे ‘सूर्य’ सांगून समजावण्यापेक्षा तव्यावर पाणी पडल्याचं चित्र आणि त्यावर ‘चर्र’ लिहून पटकन समजतं. घरात यंत्रमाग असलेल्या मुलाला मागाचा आवाज लिहायला सांगा. कुणी ‘खटखट’ लिहील, कुणी ‘खटाक् खटाक्’, कुणी ‘खडखड’. त्यावर वर्गात वाद होऊ द्या. कोणता आवाज बरोबर हे ठरवताना मुलं ट आणि ड यांतला फरक कानांनी तपासत असतात.

लेखनाचा खरा भाग चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत आहे. तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मध्ये बरंच काही घडलं. आजीने डब्यातलं चटणीत घातलं, कुटलं, ताट वाढलं. चित्रात यातलं काही नाही, फुग्यात नाही. मुलांना विचारा : “मध्ये काय झालं? आणि आजीने चव का घेतली नाही?” उत्तरं ऐकण्यासारखी येतील. कुणी म्हणेल आजीचा गुरुवारचा उपवास होता, कुणी म्हणेल घाई होती, कुणी म्हणेल आजीला दिसत नाही. तीनही चालतील, अट एकच : चित्राशी विसंगत नको. मग त्या मधल्या जागेसाठी दोन वाक्यं लिहायची. फक्त दोन. ‘गोष्ट लिहा’ म्हटलं की ज्यांना धडकी भरते, ती मुलं दोन वाक्यं लिहितात, कारण मागचं आणि पुढचं समोर असतं.

हे दोन आठवडे चाललं की चौकटी मोडून परिच्छेद लिहायला द्या. इथे थांबून वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त शिकणं इथे होतं. पहिल्या खेपेला बहुतेक मुलं असं लिहितील : “आजीने म्हणाली मिठ दे. सोन्याने दिला. आजोबाने म्हणाले गोड कशी.” लाल पेन उघडू नका. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना वेगवेगळा उपाय आहे.

पहिली, फुग्यातलं तेवढंच उतरलंय, चित्रातलं गळालं. डबा कुठला, सोन्याचं लक्ष कुठे, हे वहीत कुठेच नाही. मुलाला चित्र दाखवून विचारा, “हा परिच्छेद मी फोनवर तुझ्या मामाला वाचून दाखवला, चित्र त्याच्याकडे नाही. त्याला कळेल का चटणी गोड का झाली?” मूल स्वतःच म्हणेल, नाही. मग वाक्य तयार करून घ्या : “खेळायच्या घाईत सोन्याने चिठ्ठी न वाचताच पिठीसाखरेचा डबा उचलला.” ‘न वाचताच’, ‘तेवढ्यात’, ‘म्हणून’, ‘पण’ हे शब्द भिंतीवर लावा. चौकटींमधल्या पट्टीचं काम परिच्छेदात हेच शब्द करतात.

दुसरी, “आजीने म्हणाली”. ही चूक सोलापुरातच नाही, सगळीकडे होते. ‘सांगणे’, ‘विचारणे’ यांना भूतकाळात ‘ने’ लागतो : आजीने सांगितलं, आजीने विचारलं. ‘म्हणणे’ला लागत नाही : आजी म्हणाली, आजोबा म्हणाले. नियम पाठ करून घेतला तर दोन दिवस टिकतो. त्याऐवजी एका फुग्याची दोन वाक्यं करायची सवय लावा. एकात फुगा जसाच्या तसा : आजी म्हणाली, “सोन्या, मिठाचा डबा दे रे.” दुसऱ्यात फुगा फोडून : आजीने सोन्याला मिठाचा डबा द्यायला सांगितलं. अवतरणचिन्हं फुग्याच्या कडेच्या जागी आली, हे मुलांना लगेच पटतं. रोज एक फुगा असा फोडला तर महिन्याभरात ‘आजीने म्हणाली’ पुष्कळ कमी होतं.

तिसरी, ऱ्हस्व-दीर्घ. डब्यावर ‘मीठ’ आहे आणि फुग्यात ‘मिठाचा’, हे मुद्दाम ठेवलंय. शब्द एकटा असताना ठ च्या आधीची वेलांटी दुसरी, प्रत्यय लागला की पहिली. दूध-दुधाचा, फूल-फुलाचा, पीठ-पिठाचा. पुढच्या चित्रकथांतही डबे, पाट्या, पिशव्या यांवर मूळ शब्द आणि फुग्यात त्याचं प्रत्यय लागलेलं रूप अशी जोडी ठेवत जा. एका वेळी एकच जोडी.

आता तुमच्या वर्गातल्या भाषेचा मुद्दा. फुगा ही बोलायची जागा आहे, तिथे मूल घरी बोलतं तसं लिहील आणि लिहू द्यायला हवं. “चल की बे” हे फुग्यात बरोबरच आहे. तेलुगू घरातल्या मुलीने आईच्या फुग्यात देवनागरीत “इक्कड रा” लिहिलं किंवा कन्नड घरातल्या मुलाने “इल्ली बा” लिहिलं, तर तेही ठेवा. चौकटीच्या वरच्या, निवेदनाच्या पट्टीत मात्र पुस्तकी मराठी हवी : “आईने तिला जवळ बोलावले.” फुगा घरचा आणि पट्टी शाळेची, असा नियम मुलांना एका दिवसात समजतो, आणि कोणती भाषा कुठे वापरायची याचं भान येतं. शुद्धलेखनाच्या नियमांतही संवादात ‘केलं, गेलं, कुठं’ अशी शीर्षबिंदूची रूपं चालतात, तेव्हा फुग्यातल्या ‘कुठं’ला ‘कुठे’ करत बसू नका.

एक गोष्ट मात्र फुग्यातही दुरुस्त करा. तेलुगू आणि कन्नड बोलण्यात महाप्राण (घ, भ यांसारखे हवेच्या झोताचे वर्ण) बरेचदा सैल उच्चारले जातात, त्यामुळे ‘भाकरी’चं ‘बाकरी’ आणि ‘घर’चं ‘गर’ वहीत उतरतं. हा आळस किंवा निष्काळजीपणा नाही. मूल जसं ऐकतं तसं लिहितं. ‘गार-घार’, ‘बाजी-भाजी’ अशा जोड्यांवर दोन चौकटींची चित्रकथा करा, जिथे एका अक्षराने घोटाळा होतो. “भाजी आण” सांगितलं आणि बाजीराव नावाच्या मित्राला ओढत आणलं! तळहात तोंडासमोर धरून भ म्हणायला लावा, हवेचा झोत हाताला लागतो. ब म्हणताना फारसा लागत नाही.

महिना झाला की मुलांना स्वतःची चित्रकथा करू द्या. ए-४ कागद एकदा आडवा आणि एकदा उभा दुमडला की साधारण साडेदहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या चार चौकटी मिळतात. पहिल्या सत्रात चारच. सहा-आठ चौकटी दिल्या की पहिल्या तीन भरतात आणि बाकीच्या कोऱ्या राहतात.

क्रम असा ठेवा : आधी वहीत चार ओळी, प्रत्येक चौकटीत काय घडतं याची एकेक. मग चौकटीत पेन्सिलने शब्द. मग शब्दांभोवती फुगा. चित्र सगळ्यात शेवटी. मुलं नेमकं उलटं करतात. आधी मोठ्ठं चित्र काढतात, उरलेल्या कोपऱ्यात बोराएवढा फुगा काढतात आणि मग त्यात शब्द घुसवायला बघतात. मराठीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार लागतो. फुगा लहान झाला की आधी मात्रा गळतात, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या शिरोरेषेत शिरतो आणि मुलालाच स्वतःचं लिहिलेलं लागत नाही. शब्दांसाठी १२ मिलिमीटर अंतरावर फिक्या रेघा मारून द्या. दुरेघी वहीचं पान खाली ठेवून झेरॉक्स काढली तरी चालेल. चौथीच्या हाताने त्या चौकटीत एका ओळीत दोन-तीन शब्दच मावतात, म्हणून एका फुग्यात आठ शब्द ही मर्यादा ठेवा.

फुग्यांची जागा हा दुसरा नेहमीचा घोळ. आधी बोलणारा डावीकडे किंवा वर हवा. मुलं पात्रं आधी काढतात आणि मग उत्तर डावीकडे, प्रश्न उजवीकडे असं होतं. वाचणाऱ्याला आधी “नाही!” वाचावं लागतं आणि मग “पाणी आलं का?” फुग्याचं शेपूट कुणाच्या तोंडाकडे आहे हेही शेजाऱ्याकडून तपासून घ्या. घरी उर्दू वाचणारं मूल चौकटी उजवीकडून सुरू करत असेल तर ते चुकत नाही, उर्दूत चित्रकथा तशीच वाचतात. त्याला चौकटींवर १, २, ३, ४ आकडे घालू द्या.

विषय मोकळा सोडला तर चारही चौकटींत ढिशूम-ढिशूम होणार, टीव्हीवरचा नायक येणार आणि शब्द संपणार. म्हणून बंधन घाला : पात्रं दोन, जागा एक, आणि एक वस्तू जी हरवते, बदलते किंवा चुकून दुसऱ्याकडे जाते. नळाला पाणी यायच्या दिवशी सगळ्या घागरींत एक गळकी निघते. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसताना चप्पल खाली पडते. हुरड्याला गेल्यावर चटणीची पुडी दुसऱ्याच पिशवीत निघते. टॉवेलच्या गठ्ठ्यावर चुकीच्या गावाची चिठ्ठी लागते. असे विषय दिले की मुलांकडे सांगायला असतं आणि शब्द घरातून येतात.

चाळीस मिनिटांच्या तासिकेत चित्राला दहा मिनिटांच्या वर वेळ देऊ नका आणि रंग शाळेत नकोतच. रंगवायचं असेल तर घरी. मुख्याध्यापकांना टाइमपास दिसतो तो बहुधा इथे : दाराशी आल्यावर वर्गात स्केचपेनचा पसारा आणि वही बंद.

त्यांच्याशी आणि पालकांशी वाद घालण्यापेक्षा कागद दाखवा. आजच एक साधं चित्र देऊन सगळ्यांकडून परिच्छेद लिहून घ्या, तारीख टाकून जपून ठेवा. आठवड्याला दोन तासिका या हिशेबाने सहा आठवडे झाले की तसंच दुसरं चित्र द्या. तीन गोष्टी मोजा : पूर्ण वाक्यं किती, जोडणारे शब्द किती, आणि अवतरणचिन्हांत नीट लिहिलेले संवाद किती. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत हेच आकडे जातात. वाचनाचा वेग चित्रकथेवर मोजू नका. नजर चित्राकडे जाऊन परत येते, वेग कमीच दिसणार. तो पाठ्यपुस्तकातल्या न शिकवलेल्या उताऱ्यावर मोजा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द वाचण्याचं उद्दिष्ट आहे, आणि तेही अर्थ समजून. तुमची मुलं शब्द वाचतात, अर्थाला अडतात. या तासिका नेमक्या त्यासाठी आहेत, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा. पालकसभेत चित्रकथा वाटू नका. आधीचा आणि नंतरचा असे दोन परिच्छेद शेजारी ठेवून दाखवा. आणि पाठ्यपुस्तक बाजूला पडलेलं नाही हेही त्यांना दिसू द्या : महिन्यातून एकदा पुस्तकातल्या धड्याचा एखादा प्रसंग चार चौकटींत उतरवायला द्या. कोणत्या चार घटना घ्यायच्या हे ठरवायला धडा दोनदा वाचावाच लागतो.

राहिला तो चित्र काढणारा मुलगा. त्याची जोडी चांगलं लिहिणाऱ्याशी लावायचा मोह होतो, पण तसं केलं की दोघंही जे येतं तेवढंच करतात. तो चित्रं काढतो, दुसरा लिहितो, आणि वर्षअखेर तो तिथेच राहतो. त्यापेक्षा त्याची कोऱ्या फुग्यांची चित्रकथा दुसऱ्या मुलाला भरायला द्या आणि भरलेली त्याच्याकडे परत आणा. दुसऱ्याने त्याच्या मनात नसलेलंच काहीतरी लिहिलेलं असणार. “असं नाही म्हणत तो!” असं म्हणाला की “मग काय म्हणतो?” एवढंच विचारा आणि त्याच चित्रकथेची कोऱ्या फुग्यांची दुसरी प्रत पुढे करा. ती आधीच झेरॉक्स करून ठेवलेली असावी, कारण आयत्या वेळी शोधाशोध केली तर त्याची इच्छा निघून जाते. पहिल्या खेपेला एक फुगा भरला तरी पुरे, शुद्धलेखन तपासू नका. दुसऱ्या आठवड्यात सगळे फुगे मागा, तिसऱ्यात वरची पट्टी.